खळ्यावरची बंदूक

ओवे,
शनिवार, ९ डिसेंबर १९८९

प्रिय सुभाष,

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही, खाली बसूनच भाकऱ्या करते. तू अर्धी टाकून गेलास ती झोडणी शेजारच्या गणूने पुरी केली. पेंढा अजून उघड्यावर आहे. दवाने काळा पडेल अशी मला धास्ती वाटते. मग वाटतं, पडला तर पडला. गव्हाणला संजनाकडे खाडीचा वारा लागत असेल, कान बांधून झोप. जावयांना, गुरुदत्तांना, त्रास देऊ नकोस. कारखान्याचा मुकादम विचारायला आला होता, तू आजारी आहेस असं मी सांगितलं.

बंदूक पुन्हा पोलिसांकडे आहे. निवडणुकीत जमा केली होती तेव्हा मला बरं वाटलं होतं. भिंतीवरची खुंटी रिकामी दिसायची आणि मी शांत झोपायचो. पण सुकापूरला त्या म्हाताऱ्या जोडप्याला बांधून घातलं, चड्डी-बनियनवर आलेले चोर घर धुऊन घेऊन गेले, आणि गावाचा धीर सुटला. देवळात सगळे माझ्यावरच आले. गणू म्हणाला, “दादूबाबा, गावात एक लायसन, ता पन तुजा. बंदूक ठान्यात पूजायला ठेवलीस काय?” सगळे हसले. मी म्हणालो, ते लायसन डुकरांसाठी आहे, माणसांसाठी नाही. तेव्हा तू उभा राहिलास आणि म्हणालास, “चोर आले तर त्यांना काय लायसन दाखवायचं?” लोकांना ते फार आवडलं. निकाल लागल्यावर आपण दोघं जाऊन ती घेऊन आलो. खळ्यावर राखणीला तू निजायला लागलास आणि मी ती तुझ्या हातात दिली. लायसनवाल्याने दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, हे मला माहीत होतं. ठासणीची बंदूक एकदा भरली की उडवल्याशिवाय रिकामी करणं जिकिरीचं, म्हणून ती रोज भरलेलीच तुझ्या उशाशी असायची.

तू दहा वर्षं कारखान्यात आहेस, विसरला असशील. कापणी झाल्यावर कातकरी पहाटेच बांधावर येतात, उंदरांच्या बिळात धूर करतात, पहारीने बीळ खणून उंदीर धरतात आणि आत साठवलेलं भात काढतात. ते त्यांचं असतं. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही. जैतू आपल्या बांधावर तू लहान होतास तेव्हापासून येतो. त्या पहाटे धुकं होतं, त्यात त्याचा धूर, अंगावर लंगोटी, हातात पहार. मी तुझ्या जागी नव्हतो. मी घरात चूल पेटवत होतो. आवाज ऐकला आणि मला वाटलं, डुक्कर आलं.

काल सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. छर्रे मांडीत आणि पोटात आहेत. डॉक्टर नीट सांगत नाहीत. खाटेजवळ स्टुलावर एक शिपाई बसलेला असतो, जैतू पळून जाईल म्हणून. जैतू माझ्याकडे बघत नव्हता. मी निघालो तेव्हा म्हणाला, “मी हाक मारली व्हती. सुभाषशेट, मी जैतू हाय, असा वराडलो मी.” त्याची पोर चिंगी बाहेर पायरीवर होती. ती म्हणाली, “बाबा, आमची पहार खल्यावर रायली, ती द्या.” ती पोलिसांनी नेली, हत्यार म्हणून, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “हत्यार कसला? त्यानं बीळ खनतो आमी.” मला रडू आलं नाही. आजही येत नाही. जेवतो, पेंढ्याकडे बघतो.

मंगळवारी ठाण्यात माझा जबाब आहे. कोणी उडवली ते गावाने अजून सांगितलेलं नाही. तू गुरुदत्तांकडून निरोप पाठवलास की लायसन बाबांच्या नावाचं, बाबांनीच उडवली म्हणा, म्हाताऱ्याला सोडतील. गणू म्हणतो, “पहार घेऊन अंगावर आला असा सांग. जीव वाचवायला उडवली तर गुन्हा नाय.” दोन्ही गोष्टींचा मी चार दिवस विचार केला. तुझ्यासाठी तुरुंगात बसायला मी तयार आहे, बाळा, मला बाहेर तरी काय करायचं आहे. पण गणू म्हणतो तसं सांगितलं तर जैतूला दरोडेखोर म्हणावं लागेल. तो खाटेवरून तुरुंगात जाईल आणि त्याच्या वाडीतल्या प्रत्येकाच्या घरात पोलीस शिरतील. आणि मी जैतूला पाठमोरा, धुक्यात, नुसत्या खोकल्यावरून ओळखतो. मी उडवली म्हणालो तर ओळखून उडवली असं होईल.

म्हणून हे पत्र गुरुदत्तांच्या हातीच देतो आहे. सोमवारपर्यंत घरी ये. मंगळवारी आपण दोघं जाऊ. बंदूक तुझ्या हातात मी दिली हे मी सांगेन, पुढचं तू सांग. हाक ऐकलीस की नाही, ते मी तुला विचारत नाही. तिथे विचारतील. तू आला नाहीस तर मी एकटा जाईन आणि तुझं नाव सांगेन. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझाच,
बाबा