पहिल्या विहिरीचं पाणी

पिंगळी रस्ता, परभणी
१७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय केशरआत्या,

सप्रेम जयभीम. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून बोरीला परतणाऱ्या बालाजीदादाच्या हाती हे पाकीट देते आहे. आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. पाण्यातलं क्रोमियम कसं ओळखायचं, ते मी नव्या मुलांना वर्गात दाखवत होते. हा विषारी धातू पाण्यात असेल, तर चाचणीत पाणी गुलाबी-जांभळं होतं.

२. स्वच्छ पाण्याचा नमुना म्हणून मी विद्यापीठाच्या आवारातल्या आपल्या पहिल्या विहिरीचं पाणी घेतलं.

३. ते गुलाबी झालं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, नळी धुवायची राहिली काय?" सगळे हसले. मीही हसले.

४. नवीन नळीत पुन्हा केलं. पुन्हा गुलाबी.

५. मग पाइप तपासले. विद्यापीठाचा एक थेंबही बाहेर जात नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. त्यासाठी छपरांचं पावसाचं पाणी विहिरीत सोडलं आहे. त्याच पाइपला कुणीतरी आमच्या पर्यावरण प्रयोगशाळेचं बेसिन जोडलेलं आहे. पाणी दूषित आहे का, हे शिकवताना आम्ही जी द्रावणं ओततो, ती विहिरीत उतरतात. त्यांत क्रोमियम आहे, पाराही आहे.

६. तो जोड मी बंद करून घेतला. पाऱ्याचा अहवाल यायचा आहे.

मागच्या वर्षी मी तपासणीला विहिरीचं पाणी मागितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमी खांदलेल्या हिरीला तू डाक्टर लावायलीस व्हय गं?" त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. मी पाणी घेतलं नाही.

कुलसचिव व्यंकटराव सरांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, "वसतिगृहाला टँकर लावू, मोटार जळाली म्हणून सांगा. पण स्थापना दिनाला मुलांच्या ओंजळीत विहिरीचं पाणी ठरल्याप्रमाणंच पडेल. पाहुणे पर्यावरण शिक्षणाचं कौतुक करायला येणार, अन् तुम्ही विहीरच खराब म्हणता? ओंजळभर पाण्यानं कोण मरायलंय, मॅडम?"

प्रश्न ओंजळीचा नाही. वस्तीतल्या बाया अजून तिथूनच घागरी भरतात. मी पाटी रंगवून लावली: हे पाणी पिऊ नका. सरजाबाईनं ती वाचली आणि कळशी काही खाली ठेवली नाही. म्हणाली, "ल्हानपणी हेच ऐकलं, पिऊ नका. आता आपल्याच हिरीवर तू पाटी लावायलीस? केशरबाई इथं आल्या की हेच पितात. त्या पितात तवर आमी पिणार." दुसऱ्या दिवशी पाटी पालथी पडलेली होती. आता रोज सकाळी मी स्वतः विहिरीवर उभी राहते. बाया मला वळसा घालून जातात.

त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. यंदाच्या स्मरणिकेत विद्यापीठाचा इतिहास मीच लिहिला आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावानं विहिरीवर येऊ दिलं नाही, तेव्हा तुम्ही बायांनी ही विहीर खांदली. शेजारी कुडाची शाळा उभी राहिली. शाळेचं कॉलेज झालं, कॉलेजचं विद्यापीठ. तुम्ही अक्षरं त्याच कुडात शिकलात. म्हणून दर स्थापना दिनाला तुम्ही नव्या मुलांच्या ओंजळीत पाणी घालता, कुणाचंही आडनाव न विचारता. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी मी ती पाटी लावली.

आता विकतचं पाणीसुद्धा मी उजेडाला धरून बघते. विरघळलेला पारा दिसत नाही, हे मीच मुलांना शिकवते. तरी बघते.

आणखी एक. मला पाचवा महिना आहे. आई गेल्यावर तुम्हीच वाढवलंत, म्हणून आधी तुम्हालाच सांगायचं होतं. तुम्ही फोन उचलला नाहीत. आमच्या क्वार्टरमधला माठ मी याच विहिरीच्या पाण्यानं भरत होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आहे. कशासाठी, ते तुमच्या जावयाला, धम्मदीपला सांगितलेलं नाही. घरात मी एकटीच घाबरलेली आहे, तेवढं पुरे. काल बाळ पहिल्यांदा हललं. ते हललं की मला भीती वाटते आणि बराच वेळ हललं नाही की जास्त वाटते.

पंचवीस तारखेच्या स्थापना दिनाची वाट बघू नका. त्याआधी या. विहिरीवर बायांसमोर तुमची घागर पालथी घाला आणि पिऊ नका, हे तुमच्या तोंडून सांगा. हे तुमच्याकडे मागणं किती जड आहे, ते मला कळतं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं जाणार नाही. मी तुमच्या शेजारी उभी राहीन. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

येणार की नाही, ते बुधवारपर्यंत, म्हणजे १९ तारखेपर्यंत, बालाजीदादाकडून कळवा.

तुमच्या हातची ओंजळ पिऊन मोठी झालेली,
सुकेशनी