चौसष्ट टक्के कशाचे?

४ ऑगस्ट

चौसष्ट टक्के! त्रिविक्रम सर आज दोनदा माझ्या टेबलापाशी आले. ऑफिसातल्या सगळ्यांनी भरलेला सर्व्हे, त्यावर माझं मॉडेल — कामाचा ताण, वरिष्ठांची वागणूक, येण्याजाण्याचा त्रास, आणि या तिन्हींचे बाण ‘नोकरी सोडण्याचा इरादा’कडे. इरादा काही फूटपट्टीनं मोजता येत नाही, चार प्रश्नांच्या उत्तरांतून ताडायचा. त्यातला फरक मॉडेल किती उलगडतं ते सांगणारा आर-स्क्वेअर ०.६४ आला. एवढा येईल असं वाटलं नव्हतं. खूश आहे!

५ ऑगस्ट

सरांनी प्रत्येकाचा इराद्याचा आकडा मागितला, एम्प्लॉयी नंबरासकट. दिला. तपासायचं असेल काहीतरी.

७ ऑगस्ट

डोकं फिरलंय. माझ्या शेजारी बसणाऱ्या शुभदाचं टीम लीड होणं थांबवलं. वर्षानुवर्षं राबतेय ती इथे. सर म्हणाले, तिचा आकडा वर आहे, म्हणजे ती जाणार. आपलं मॉडेल शंभरातली चौसष्ट माणसं बरोबर ओळखतं.

कुणी सांगितलं यांना? सगळ्यांच्या इराद्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला चौसष्ट टक्के या तीन कारणांनी उलगडतो — बस्स, एवढंच! तो अख्ख्या घोळक्याचा हिशोब. एकटी शुभदा उद्या काय करेल, हे त्यात कुठे आलं? आणि मनात येणं वेगळं, राजीनामा देणं वेगळं. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर अडकल्यावर कुणाच्या मनात येत नाही?

तिला मीच म्हटलं होतं, अक्का, खरं ते लिही, नाव कुठे जात नाही. लाज वाटतेय माझी मला.

८ ऑगस्ट

अप्पांना सांगितलं. राजाजीनगरात उभा जन्म गेला त्यांचा, तोही एकाच नोकरीत. “स्वल्प दम धर,” म्हणाले. धरते.

११ ऑगस्ट

नाहीच धरवला. मीटिंगमध्ये बोलले.

“सर, मॉडेलनं फरक उलगडलाय, माणसं ओळखलेली नाहीत. शुभदाचं पद तिला द्या.”

सगळे आपापल्या लॅपटॉपात डोकं घालून बसले. सर हसले. स्वतःच्याच मॉडेलवर विश्वास नाही का, असं विचारलं आणि पुढच्या विषयावर गेले.

नंतर शुभदा जिन्यात भेटली. “माझा आकडा तूच दिलास?”

हो म्हटलं. ती खाली उतरून गेली.

१२ ऑगस्ट

राजीनामा दिला. सरांनी तो वाचला, मग घाईघाईनं लॅपटॉप उघडून माझा नंबर शोधला.

“पण तुझा इरादा तर सगळ्यांत खाली आहे!”