डावी बाजू माझी

३ मार्च
पोहोचलो एकदाचे! लष्करी दफनभूमीत माळ्याची नोकरी म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता, पण ऐसपैस दोन खोल्या, घरात नळ आणि दारापुढची हिरवळ बघून हिची कळी खुलली. शेजारीही शांत मिळाले, असं मेहुणा म्हणाला. हिचा धाकटा भाऊ; गवंडी आहे. पडलेली थडगी बसवायला त्यालाही घेतलंय. लढाई याच माळावर झाली. मधल्या फरसबंद वाटेच्या डावीकडे आपले सैनिक पुरलेत, उजवीकडे शत्रूचे. आम्ही काम वाटून घेतलं. डावी बाजू माझी, उजवी त्याची. दुपारी तिघंही हिरवळीवर बसून जेवलो.

९ मार्च
माझ्या बाजूच्या दगडांवर नवे घाव दिसले. छिन्नीचे नव्हेत, भोसकल्यासारखे. बोट घातलं तर आत ऊब लागली. मेहुण्याला दाखवले तर तो उसळला. म्हणाला, दाजी, माझ्याकडचे आधी बघा, तुमचंच फावडं बसलंय. आजवर त्याने मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. मलाही इतका राग आला की फावडं त्याच्या पायाशी आपटलं.

१४ मार्च
नवऱ्याच्या थडग्यावर फुलं वाहायला एक आजीबाई आल्या होत्या. आम्ही बाजू वाटून घेतल्यात हे ऐकून त्यांच्या हातातली फुलं गळाली. आधीचे माळीही दोघे होते, जिवलग मित्र. त्यांनीही असंच वाटून घेतलं. शेवटी एकाने दुसऱ्याचा गळा दातांनी फोडला. वरच्यांनी बाजू घेतली की खालचे उठतात, म्हणाल्या. बाळा, आजच निघा.
घरी येऊन सामान बांधायला घेतलं. मेहुणा म्हणाला, हा माझी बाजू बळकावायचा डाव आहे. माझी माणसं टाकून मी येणार नाही.
त्याची माणसं!

१५ मार्च
सकाळीच त्याने घणाने माझे दगड फोडले. मी त्याचे. मग दगड सोडून एकमेकांना. त्याचे दोन दात माझ्या मुठीत रुतले. त्याने फावड्याची कड माझ्या डाव्या पंजात घातली — करंगळी वाटेवर पडली. ही रडत, शिव्या घालत मध्ये पडली. जखम बांधताना म्हणाली, तो लहान आहे हो, सांभाळून घ्या. लाज वाटली. पण जमिनीखाली कोणीतरी बूट आपटत होतं. खूप जण.

१६ मार्च
ही गाडी ठरवायला गेली. आम्ही दोघेच. नाही थांबवता आलं —
तो वाटेवर पडलाय. घण त्याचाच. डोकं मडक्यासारखं — शेवटी 'दाजी' म्हणाला. मी थांबलो नाही.

दुपार
घरात आतून कडी लावून बसलोय. ही परत आली. भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. उजवीकडे.
ओरडून सांगितलं, पळ. तोंडातून दुसरंच निघालं — हुकूम. कवायतीतला —
उठलीय. दाराशी आली. म्हणते, अहो, उघडा, काय केलंत हो हे. आवाज हिचाच. पण ती त्या बाजूची —
फावडं मी कालच घरामागच्या विहिरीत टाकलं होतं. हातात पुन्हा —
कडी निघतेय. मी नाही काढत. माझा हात