एक हजार चोवीस अंशांचा फ्रिज

३ मार्च, मंगळवार

एक हजार चोवीस अंश! लसी ठेवायच्या फ्रिजमध्ये! आत हात घातला तर बोटं गारठली — आणि पडद्यावर भट्टी.

कारण साधं आहे. फ्रिजमधलं तापमान मोजणारं कार्ड नवऱ्याने बनवलेलं, त्याचा आकडा यंत्राच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, घेणारा प्रोग्राम — ड्रायव्हर — माझा. आकडा दोन बाइटांत येतो. त्याचं कार्ड मोठा बाइट आधी पाठवतं, माझं यंत्र धाकटा आधी समजतं. शून्य-चारचं चार-शून्य होतं, आणि मोठ्या बाइटातला एक म्हणजे दोनशे छप्पन्न, म्हणून चारचे एक हजार चोवीस. कुणीतरी एकानेच ते उलटवायचं. "बघू," तो म्हणाला. "बघू," मी म्हणाले. आमचे सगळे निर्णय असेच होतात.

हे आमचं इथलं शेवटचं काम. शुक्रवारी गिऱ्हाइकाला दाखवायचं, महिनाअखेरीला दोघांनी नोकरी सोडून माझ्या आईच्या गावी जायचं. त्याला तिथे मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली आहे. मला जायचं नाहीये. अजिबात! पण त्याचा उत्साह बघून गप्प बसते.

४ मार्च

तो बिचारा आधीच दमलेला. म्हटलं आपणच करावं. ड्रायव्हरमध्ये उलटवलं. आकड्याचा प्रकारही नीट लिहिला — हा आकडा परका, उलटवल्याशिवाय वापरू नये. तपासनीस खूश. तपासनीस म्हणजे माणूस नव्हे, प्रकार तपासणारा प्रोग्राम, पण स्वभाव माणसाचाच.

चाचणी — एक हजार चोवीस.

५ मार्च

माझंच काहीतरी चुकलं असणार. उलटवणं काढून टाकलं. तपासनीस लगेच खेकसला, परका आकडा तसाच कसा वापरतेस? तिथे 'फोर्स' लिहिलं की त्याचं तोंड बंद होतं. लिहिलं.

एक हजार चोवीस! रडू यायचं बाकी राहिलं. घरी नवरा शीळ घालत पुस्तकांची खोकी बांधत होता. मीही हसतमुखाने चिकटपट्टी धरली.

६ मार्च, शुक्रवार

गिऱ्हाइकाने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी फ्रिज मागितला होता," एवढंच म्हणाला.

साहेबांनी विचारलं, चूक कुणाची. "माझी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग उलगडलं. बुधवारी मला त्रास नको म्हणून त्यानेही कार्डात उलटवलं होतं. दोनदा उलटवलं, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. गुरुवारी आपलंच चुकलं समजून दोघांनीही काढलं. एकमेकांना न सांगता! साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

शेवटी ठरवलं — आकडा आत येताना एकदाच उलटवायचा, माझ्याकडे. कार्डाने मध्ये लुडबुडायचं नाही. 'फोर्स' पुसलं. तपासनीस शांत, पडद्यावर चार. गिऱ्हाईक पटलं.

७ मार्च

साहेबांचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

८ मार्च, रविवार

भांड्यांची खोकी बांधताना विचारलंच, "तुला खरंच जायचंय का रे तिथे?"

त्याने कात्री खाली ठेवली. "मला? तुला आईजवळ राहायचंय, म्हणून घेतली मी ती नोकरी!"

आईजवळ! दोन दिवसांत मला पुरे होते आई!

सगळी खोकी फोडली. उद्या राजीनामे परत मागायचे. आईला कोण सांगणार यावरून भांडण चाललंय — अगदी मोठ्याने.