दोन बोटं अलीकडे

अब्बा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही कळवलं नाही, आणि आज लिहायला बसलो तर एका गाडीबद्दल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बाप मेल्यावर याला बापाचा धंदा आठवला. म्हणा. तुमच्या नातवाला एक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. दोन दारांची, काळपट निळी, जमिनीला इतकी टेकलेली की आत शिरताना माणसाला नमाजातल्या रुकूसारखं कमरेत वाकावं लागतं. अमेरिकेत तिचा अपघात झाला, तिथल्या विमेवाल्यांनी ती दुरुस्तीच्या लायक नाही म्हणून निकालात काढली, कागदावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का मारला, आणि मग लिलावातून ती जहाजाने इकडे आली. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात कुणीतरी ठोकून-रंगवून तिला उभं केलं आहे. बेचाळीस हजार दिरहम, म्हणजे आपले दहा लाख झाले. बिनअपघाताची घ्यायला जावं तर दुप्पट. कागद मी स्वतः वाचला. तीस वर्षं टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे फॉर्म भरतोय, त्या शिक्क्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

तुमची सून दोन वर्षांपूर्वी गेली. सोमवारपासून तिच्या छातीत जळजळत होतं. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे, शुक्रवारी सुट्टीत दाखवू. ती बुधवारी गेली. तिला मातीत ठेवून आल्यावर पोरगा मला एवढंच म्हणाला, "यू नेव्हर चेक एनीथिंग, अब्बा." महिन्याभरात तो दुबईत, करामा भागात, मित्रांबरोबर शेअरिंगमध्ये राहायला गेला. मी अल नहदाच्या चौदाव्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटा. ईदला येतो, बिर्याणी खातो, मोबाइल बघतो, जातो. आणि गेल्या आठवड्यात त्याचा फोन, तोही तुमचं नाव काढून. "दादा डेंटर होते ना? यू नो धिस स्टफ. विल यू चेक द कार फॉर मी?" चेक. दोन वर्षांनी तोच शब्द, पण आता विनंतीत. मी गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरचा मुलगा आहे, डेंटर नाही, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फोन ठेवला आणि कपाटातून तुमचा दोरा काढला. जाळं विणायचा निळा दोरा, दोन वाव, म्हणजे बारा फूट लांबीचा, तुम्ही गावाहून आणलेला. तो तुम्ही गाड्यांसाठी वापरायला कधी लागलात ते मला चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी मी तुमच्याशी शहाणपणा केला होता. मी वीस वर्षांचा, नुकताच इकडे आलेलो, तुमच्याच खोलीत कॉट टाकून राहायचो. तुम्ही एका गाडीचा पुढचा भाग आणि दुसरीचा मागचा भाग जोडून एक अख्खी गाडी तयार केली होती. गॅरेजवाल्याने ती आपल्याच गावच्या खाडीपलीकडच्या एका तरुणाला विकली. तो पोरगा आपल्या खोलीवर आला होता, तुमच्या हातचं बांगड्याचं कालवण दोनदा मागून घेतलं, आणि जाताना म्हणाला, "चाचा, जोड शोधून सापडत नाही." तीन महिन्यांनी रस्त्यावर टायर फुटला, गाडी कठड्यावर गेली आणि बरोब्बर त्या जोडावर दोन तुकडे झाले. जनाज्याला तुम्ही शेवटच्या रांगेत उभे होतात. घरी आल्यावर किचनच्या बेसिनमध्ये कपड्याची पावडर घेऊन हात घासत बसलात, अर्धा तास. मी दारात उभा राहून म्हटलं, "अब्बा, टायर फुटला त्याला तुम्ही काय करणार? जोड तर दिसतसुद्धा नव्हता." तुम्ही नळ बंद केलात. "दिसत नव्हता, तेच तर माझं काम होतं," म्हणालात. मग जेवलो आपण. भात आणि सकाळचं कालवण.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक गाडी दोऱ्याने मोजायला लागलात. पुढच्या उजव्या चाकाच्या बोल्टापासून मागच्या डाव्या बोल्टापर्यंत तिरका दोरा धरायचा, तिथे गाठ मारायची. मग पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत. गाठ बोल्टावर आली तर गाडी सरळ. नाही आली तर वाकडी, मग वरचा रंग कितीही चमको. "चासी खोटं बोलत नाय, पत्रा बोलतो," असं तुमचं म्हणणं. दोऱ्याचं टोक धरायला शुक्रवारी मला न्यायचात. मी वैतागायचो, एकदा मुद्दाम टोक ढिलं धरलं. तुम्ही ओरडला नाहीत. "ढिला धरलास तर तो तुला हवं तेच सांगणार," एवढंच. आणि गाडी वाकडी निघाली की तुम्ही गॅरेजवाल्याला नाही, थेट गिऱ्हाइकाला सांगायचात, तोंडावर. गॅरेजवाला म्हणाला होता, "गॅरेज मेरा, और सच तेरा?" तुमची नोकरी गेली. दुसरीकडे लागलात, तीही गेली. मला तुमचा फार राग यायचा तेव्हा. सगळी दुनिया कमावते आणि आमचे अब्बा दोरा घेऊन फिरतात, असं मी आईला फोनवर सांगायचो.

काल शनिवारी सकाळी तो मला न्यायला आला, मित्राची गाडी घेऊन. वाटेत बोलत होता. अब्बा, तो बोलत होता. चाळीस मिनिटं, इंजिन, हॉर्सपॉवर, कुठल्या मॉडेलला काय आवाज. मला निम्मं कळत नव्हतं, मी हं हं करत होतो. मग सहज म्हणाला, "करामात पार्किंग मिळत नाही. सो इफ आय बाय इट, आय विल मूव्ह बॅक होम. आपल्या बिल्डिंगमध्ये स्लॉट आहे ना?" आहे. आपला स्लॉट दोन वर्षं रिकामा आहे. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, वाळू, कुंपण, वाळू. पार्किंगसाठी का होईना, पोरगा घरी यायचं म्हणत होता.

विकणाऱ्याने गाडी लिफ्टवर घेतली. "हबीबी, मक्खन है मक्खन," म्हणाला, आणि सगळीकडे 'बरोबर'च्या हिरव्या खुणा असलेला रिपोर्ट दाखवला. पोराने विचारलं, "दोऱ्याने? सीरियसली?" पण टोक धरलं. घट्ट धरलं हो, माझ्यासारखं ढिलं नाही. मी मागे उभा राहून पहिली तिरकी रेघ घेतली, गाठ मारली. मग दुसऱ्या बाजूला गेलो. गाठ बोल्टाच्या दोन बोटं अलीकडे थांबली. पुन्हा ओढून बघितलं. दोन बोटं. दोरा जुना झालाय, ताणला असेल, सगळं मनाशी बोलून झालं आणि तिसऱ्यांदा बघितलं. दोन बोटं. तुमच्या हिशोबात अर्ध्या बोटावर गाडी भंगारात जायची.

पुढून तो वाकून विचारत होता, "अब्बा? इज इट स्ट्रेट?" लिफ्टच्या खाली त्याचा चेहरा तुमच्यासारखा दिसत होता. आणि चार वर्षांचा असताना तुम्ही त्याला बॉनेटवर बसवायचात तेव्हासारखं, काहीतरी मिळणार म्हणून तोंड उघडं. मी म्हटलं, "सरळ आहे." त्याने येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या आईला नेलं त्या दिवसापासून त्याने मला हात लावला नव्हता. मग दोऱ्याकडे बघून म्हणाला, "कॅन आय कीप इट? दादांचा आहे, मी मिररला बांधतो." मी म्हटलं, थांब, कळकट झालाय, धुवून देतो. मागच्या नळावर नेला, धुतला, आणून त्याच्या हातात दिला.

उद्या सकाळी गाडी त्याच्या नावावर होणार. मुल्कियाचे, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे, कागद मीच टाइप करणार आहे, दुसऱ्या कुणाकडे कशाला. मग तो रोज त्या गाडीतून अल नहदाहून दुबईला जाईल आणि मी चौदाव्या मजल्यावरून खाली बघेन. एक फोन केला तर सगळं थांबतं. फोन इथेच आहे, टेबलावर, चार्ज केलेला. फोन केला की तो म्हणेल, मग काल काय चेक केलंत? आणि यायचा नाही. नाही केला तर येईल. दुपारी मी त्याच्या खोलीतली खोकी काढली, नवी चादर घालून ठेवली. मी फोन करणार नाही, अब्बा. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. तुमची नोकरी दोनदा गेली ती माझ्यासारख्याला काही शिकवून गेली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार. हे पत्रही कुठे टाकायचं नाहीच, तुमच्या जुन्या पासपोर्टात घडी घालून ठेवीन.

फक्त एक राहिलं. दोरा कळकट नव्हता. नळ सोडून मी त्याच्याकडे पाठ केली आणि ती दोन बोटं अलीकडे थांबलेली गाठ सोडत होतो. नखांनी सुटेना, ओल्याने अजूनच आवळली. शेवटी दातांनी सोडली, आणि मगच दोरा त्याला दिला.