अँटेना काढली तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

हातात धरून बोलायच्या माझ्या हॅम रेडिओला कोणती अँटेना बरी, ते बघायला गच्चीवर गेले. महिनाभर रोज माझ्याशी बोलणारा अकोटचा हौशी रेडिओवाला आजही रेडिओवर होताच; त्याला मी कधी पाहिलेलं नाही. आखूड अँटेनावर त्याचा आवाज स्वच्छ, लांब अँटेनावरही तसाच. बदलताना अँटेना काढली, तरीही तसाच! अँटेनाशिवाय इतका स्वच्छ आवाज फार तर गल्लीतून येईल, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या अकोटहून कसा?

अँटेना बसवली आणि जिन्याकडे वळत विचारलं, "भाऊ, अकोटातूनच बोलून राहिले ना?"

"हो ताई. पण तुमी खाली काहून चालल्या?"

गच्चीवर आहे, हे मी सांगितलंच नव्हतं.

रेडिओ बंद केला, खाली येऊन कड्या लावल्या. दादाला फोन केलाय, तो निघालाय. महिनाभर! समोरच्या कोणत्या खिडकीतून बघत होता?