जेबेझची फुली

डॉसनपासून दोन मजलांवर, ओढ्याकाठी
९ ऑक्टोबर १८९८

प्रिय टॅम्सिन,

मी ठणठणीत आहे. तू आणि मुलीही असाल असं धरून चालतो. अक्षर तुझ्या भावाचं आहे हे तू पाहिलंच असशील. मी बोलतोय, अँब्रोज लिहितोय. माझं बोलणं जसंच्या तसं उतरव, त्याला इस्त्री करू नको, असं त्याला बजावलंय. तोंड वाकडं करतोय, पण लिहितोय.

पहिली गोष्ट. माझी पत्रं चॅपेलमध्ये मोठ्याने वाचायची नाहीत. मागचं तू वाचलंस आणि त्यावर पाद्रीबाबांनी प्रार्थना घेतली म्हणे. मी काय मेलोय? लोकांना काय, दुसऱ्याच्या नवऱ्याची खबर फुकटात मिळतेय.

आता इथलं ऐक. इथे सोन्याच्या आशेने आलेला जो तो स्वतःला खाणकामगार म्हणवतो आणि एकालाही कवडीची अक्कल नाही. आमच्या डाव्या हाताला एक न्हावी खणतोय. उजव्या हाताला दाताचा डॉक्टर, स्प्रॅग नावाचा, अमेरिकेतून आलाय. कुदळ अशी धरतो की वाटावं आता सूप ढवळणार. परवा मला विचारतो, "मिस्टर नॅनकारव्हिस, खड्डा सरळ कसा खाली न्यायचा हो?" मी म्हटलं, "दात उपटतोस तसाच. फक्त इथे ओरडायला कोणी नसतं." बिचारा "थँक्यू" म्हणून निघून गेला. टोमणा मारलेलाही कळत नाही या लोकांना.

वीस वर्षं मी समुद्राच्या तळाखाली कथिल फोडलं. डोक्यावर लाटांनी गडगडणारे गोटे ऐकत डबा खाल्ला. आणि आता ही संगत! कामसुद्धा काय, तर जमीन बारा महिने गोठलेली, कुदळ मारली की ठिणगी उडते, म्हणून ती जाळायची. संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी लाकडं पेटवायची. सकाळी धूर निघून गेला की खाली उतरून वितळलेली माती बादलीत भरायची. वरच्याने रहाट फिरवून बादली ओढायची आणि ढीग लावायचा. हिवाळाभर एवढंच. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ढीग धुवायचा आणि मग कळणार, सोनं काढलं की नुसता चिखल उपसला. याला हे लोक खाणकाम म्हणतात. आपल्याकडे बायका रोज सकाळी चुलीतली राख काढतात, त्यांना कोणी खाणकामगार म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि तुझा भाऊ! मला वाचता येत नाही, कोणीतरी कागदावर फसवील, म्हणून तू याला माझ्या गळ्यात बांधलंस. एकतीस वर्षांचा बाप्या, शाळेत पोरांना अक्षरं गिरवायला लावणार आणि चॅपेलमध्ये पेटी वाजवणार. लाकूड फोडायला सांगितलं तर आधी लाकडाकडे बघत बसतो. रविवारी त्याने मांस भरून पेस्टी भाजली. आतलं मांस बरं होतं. पण वरच्या पारीवर मी चाकू मारला तर चाकू वाकला. "दाजी, पीठच तसलं आहे," म्हणे. पिठाची काय चूक?

धक्क्यावर तू माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंस की, चॅपेलला नवी पायपेटी येतेय, त्याची दहाच्या दहा बोटं धड परत आणायची. आणतो बाई. खड्ड्यात मी उतरतो. तो वर, रहाटापाशी, तू विणलेले हातमोजे घालून, एकावर एक दोन जोड. त्याला दोन जोड विणलेस आणि मला एकच, हेही माझ्या लक्षात आहे.

मुलींना माझी आठवण सांग.

(ताई, हातमोजे फार उबदार आहेत. आणि चाकू आधीपासूनच वाकडा होता. — अँब्रोज)

जेबेझ नॅनकारव्हिसची खूण: ×

—

ओढ्यावरून
४ जानेवारी १८९९

प्रिय टॅम्सिन,

नवं वर्ष लागलं म्हणतात. इथे काही लागल्याचं दिसत नाही. तुझं पत्र कुत्र्यांच्या गाडीने आलं. अँब्रोजने ते मला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मी सांगितलं नसताना. पायपेटी आली, वर चादर घातलीय आणि अँब्रोज येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय, हे कळलं. म्हणजे एवढं मोठं गाव त्याच्यासाठी मुक्याने बसणार! त्याला मात्र हे ऐकून दोन दिवस पंख फुटले होते. जेवताना टेबलावर बोटं चालवत होता. मी म्हटलं, "शेंगा सोलतोयस का?"

थंडीचं काय सांगू. स्प्रॅगने दाराबाहेर पाऱ्याची बाटली टांगलीय. पारा गोठला की त्या दिवशी कामाला सुट्टी, असा या ओढ्यावरचा नियम. सकाळी उठून हे मर्द आधी बाटलीचं तोंड बघतात. न्हावी तर तीन दिवस पांघरुणाबाहेर आला नाही. मी एकही दिवस चुकवलेला नाही.

दुसरं खूळ मेणबत्तीचं. रात्रभर धुमसलेल्या जाळाने खड्ड्यात मेलेली हवा साठते, ती दिसत नाही, तिला वासही नसतो. म्हणून हे लोक उतरण्याआधी पेटती मेणबत्ती बादलीतून खाली सोडतात. विझली की वर बसून राहतात, तास-दोन तास, चहा पीत. आता तुझ्या भावालाही ती लागण झालीय. काल सकाळी म्हणतो कसा, "दाजी, विझली. थोडं थांबू या."

मी म्हटलं, "मेणबत्ती तुझी सासू लागते का, तिची परवानगी घ्यायला?"

"अहो, पण ती का विझली असेल?"

"तुझं रडकं तोंड बघून!"

आमच्या खाणीत हवा कोंडली की आम्ही काय करायचो? घोंगडी दोरीला बांधून दहा-वीस वेळा खाली-वर हापसायची, हवा हलली की उतरायचं. पंचवीस फुटांचा खड्डा म्हणजे काय पाताळ आहे? हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, आपला शाळेतल्या हुशार पोरासारखा, आणि शेवटी म्हणाला, "मग आपणही आधी घोंगडी हापसू." मी कपाळाला हात लावला. काल तो रहाटापाशी कुरकुरत राहिला आणि मी उतरलो. काय झालं? काही नाही. जरा डोकं जड झालं, एवढंच.

(ताई, खालच्या ओढ्यावर गेल्या आठवड्यात एक जण असाच गेला. त्याच्या खिशात बायकोचं पत्र होतं, ते मलाच वाचायला बोलावलं. दाजी माझं ऐकत नाहीत. तू लिही. — अँब्रोज)

मधेच काहीतरी खरडतोय. विचारलं तर म्हणतो, खुशाली लिहिली.

हो, आणि तो मला अक्षरं शिकवायला निघालाय. कोळशाने फावड्याच्या पात्यावर काढतो आणि म्हणतो, गिरवा. या वयात! मी साफ सांगितलं, मला त्यातलं काही नको.

(सव्वीसपैकी पंधरा येतात. तुला सांगायचं नाही म्हणतात.)

मुली मोठ्या झाल्या असतील. थोरलीला म्हणावं, आईचं ऐकत जा.

जेबेझ नॅनकारव्हिसची खूण: ×

—

ओढ्यावरून
२६ मार्च १८९९

टॅम्सिन,

अक्षर बघून घाबरू नको. माझं आहे. अँब्रोज जिवंत आहे. हे आधी लिहितो.

बर्फ अजून आहे. दिवस मोठा झाला. ढीग घराएवढा झाला आहे. न्हावी कंटाळून परत गेला. जाताना मी त्याला काही बोललो नाही.

हे पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले. कागद तीन फाडले. मला जे लिहायचं आहे ते सोडून मी ढिगाचं लिहितो आहे, ते मलाही कळतंय.

सतरा जानेवारी. पारा गोठला होता. अँब्रोजने मेणबत्ती सोडली. विझली. तो म्हणाला, "दाजी, आज थांबा. तुमच्या पाया पडतो." मी म्हणालो, "तू पेटी वाजव. खाण मला शिकवू नको." अजूनही बोललो. बायल्या म्हणालो. तुझ्या भावाला. मग शिडीने उतरलो. शेवटची पायरी मला आठवते. पुढचं काही आठवत नाही.

पुढचं अँब्रोजने स्प्रॅगला सांगितलं आणि स्प्रॅगने मला. अँब्रोज माझ्याशी त्यावर बोलत नाही.

पाऱ्याची सुट्टी, म्हणून आजूबाजूला कोणी नव्हतं. तो ओरडला, मी उत्तर दिलं नाही. त्याने घोंगडी दोरीला बांधली. वीस वेळा हापसली. मी फुशारकी मारत सांगितलं होतं, तसंच. मग श्वास धरून उतरला. माझ्या काखेखालून दोरी घातली. मोजे घालून गाठ बसेना. त्याने मोजे काढले. दोरीवर बर्फ होता. गाठ मारली, वर चढला आणि रहाट फिरवला. रहाटाचा दांडा लोखंडी आहे. कातडी त्याला चिकटली. त्याने सोडला नाही. मी त्याच्या दीडपट वजनाचा आहे. मी वर येईपर्यंत तो फिरवत राहिला.

मला शुद्ध आली तेव्हा मी झोपडीत होतो. माझा हातमोज्यांचा एकच जोड, तो खड्ड्यातच राहिला होता. माझ्या हातांत तू त्याला विणलेले हातमोजे होते. दोन्ही जोड. त्याने मला ओढत घरापर्यंत आणलं ते उघड्या हातांनी.

स्प्रॅग दुपारी डॉसनहून आला. त्याने आठ दिवस वाट पाहिली, गोठलेली बोटं परत येतात का. आली नाहीत. मग दाताच्या हत्यारांनी कापली. उजव्या हाताची चार. डाव्याची दोन. मी अँब्रोजचे खांदे धरले होते. स्प्रॅगचा हात हलला नाही. मी त्याची किती थट्टा केली, तुला माहीत आहे. तो रोज येऊन पट्ट्या बदलतो. एकदाही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तुझ्या भावाला दहातली चार बोटं उरली आहेत. माझी दहाच्या दहा आहेत. त्यांनीच हे लिहितोय.

उरलेली अकरा अक्षरं अँब्रोजने मला तोंडाने शिकवली. पडल्या पडल्या. "उभी रेघ काढा, दाजी. आता पोट काढा." चुकलं की हसायचा. परवा मी विचारलं, ताईला काय लिहू? म्हणाला, "लिहा, हातमोजे मीच कुठेतरी विसरलो."

मी म्हणालो, "हे मी लिहिणार नाही."

"मग निदान हे लिहा की पाय शाबूत आहेत. पायपेटीची अर्धी तयारी झालीच आहे." आणि तो हसला, टॅम्सिन. मला तोंड वर करता आलं नाही.

त्याला झोप लागली की त्याचे हात पांघरुणावर हलतात. बोटं नाहीत ती जागा हलते. मी बघतो. मग बाहेर जाऊन लाकडं फोडतो.

मी वीस वर्षं खाणीत काढली. न्हाव्याला कळतं ते मला कळलं नाही. इथे सगळ्यांत नालायक कोण आहे, ते मी तुला दोन पत्रं भरून लिहिलं. माणूस चुकीचा सांगितला.

नदीतला बर्फ फुटला की पहिल्या बोटीने आम्ही निघतो. ढीग धुवायला थांबत नाही. तो स्प्रॅगला दिला. त्यात काय असेल ते त्याचं. धक्क्यावर तू ये. भावाला घरी ने. मला दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर उभा राहीन.

तू तीनदा वदवून घेतलंस. तिन्ही वेळा मी हो म्हणालो होतो.

आता एकच मागतो. हे पत्र चॅपेलमध्ये मोठ्याने वाच. पायपेटीपाशी उभी राहून. एक शब्द गाळू नको. अँब्रोज गावात आला की सगळ्यांना हेच सांगेल, मोजे मी विसरलो. तो येण्याआधी त्यांना खरं कळू दे. त्याचे हात बघून कोणी त्याला विचारायला नको. मला विचारावं.

आजवर मी फुली मारत आलो. फुली कोणाचीही असू शकते. म्हणून या वेळी ती मारत नाही.

जेबेझ नॅनकारव्हिस